पी पफर : वाटाण्याएवढ्या माशासोबत फिश टँकमध्ये कोण राहू शकतं?

पिवळसर-हिरव्या अंगावर काळे ठिपके, गरागरा फिरणारे मोठे डोळे आणि काचेपाशी येऊन माणसाकडे टक लावून पाहण्याची सवय. पी पफरचे रील्स पाहून अनेकांना हा मासा घरी आणावासा वाटतो. तो जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटरचा असतो. त्यामुळे बीडसारख्या, उन्हाळ्यात पाणी जपून वापराव्या लागणाऱ्या जिल्ह्यात छोट्या टँकसाठी तो सोयीचाही वाटतो. पण त्याला गप्पी-मॉलीच्या टँकमध्ये सोडलं, की काही दिवसांतच इतर माशांच्या शेपट्या कुरतडलेल्या दिसू शकतात. मग त्याच्यासोबत ठेवायचं कोणाला?

हा मासा आला कुठून?

कोकणात ज्याला केंड म्हणतात, त्या फुगणाऱ्या माशांच्या कुळातला हा सर्वांत छोट्या सदस्यांपैकी एक. केंड समुद्रात सापडतो, तर पी पफर आयुष्यभर गोड्या पाण्यात राहतो. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या, पश्चिम घाटातून वाहणाऱ्या नद्या हे त्याचं घर. १९४१ मध्ये होरा आणि नायर या शास्त्रज्ञांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. त्याच्या शास्त्रीय नावातल्या 'ट्रॅव्हनकोरिकस'मध्ये तेव्हाचं त्रावणकोर संस्थान आहे. आज आययूसीएनच्या लाल यादीत तो 'असुरक्षित' गटात मोडतो. बाजारासाठी होणारी पकड हे त्यामागचं एक कारण आहे.

तो इतरांना चावतो का?

हो. त्याचे दात जुळून चोचीसारखे झालेले असतात आणि ते सतत वाढतात. गोगलगायींचे शंख फोडून खाताना ते झिजतात. त्याचा स्वभाव शिकाऱ्याचा आहे, शिवाय तो आपली हद्दही राखतो. समोर हळू पोहणारा, लांब पंखांचा मासा आला की त्याचे पंख तो तोडतो.

कोणाला सोबत ठेवू नये?

- गप्पी, मॉली, फायटर, एंजल आणि गोल्डफिश : लांब पंख किंवा संथ चाल यामुळे ते सहज सापडतात.
- छोटी कोळंबी आणि गोगलगाय : पी पफरसाठी हे सोबती नाहीत, जेवण आहे.
- ऑस्कर किंवा इतर मोठे मासे : इथे जीव पी पफरचाच धोक्यात येतो.
- सकर फिश : 'काच साफ करतो' म्हणून घेतला जातो, पण तो फूटभरापेक्षा मोठा होऊ शकतो.

मग कोण चालेल?

सगळ्यांत चांगला पर्याय म्हणजे फक्त पी पफरचाच टँक. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँकमध्ये साधारण ५० लिटर पाणी मावतं. त्यात चार-पाच पी पफर राहू शकतात. नर एकमेकांशी भांडतात, म्हणून एका नरामागे दोन-तीन माद्या असाव्यात. मोठ्या नराच्या पोटावर गडद रेघ दिसते. दाट वनस्पती, लाकूड आणि दगड रचून आडोसे केले, तर एकाची नजर सतत दुसऱ्यावर पडत नाही आणि भांडणं कमी होतात.

दुसरी जात ठेवायचीच असेल, तर टँक याहून मोठा हवा. झेब्रा डॅनिओ किंवा रास्बोरासारखे चपळ, आखूड पंखांचे मासे थव्याने ठेवता येतात. तळाशी राहणारे कुली लोचही काही जण ठेवतात. पण खात्री कशाचीच नाही, कारण प्रत्येक पी पफरचा स्वभाव वेगळा असतो. शिवाय चपळ मासे खाणं आधी फस्त करतात आणि निरखून, सावकाश खाणारा पी पफर उपाशी राहतो. कोरडे दाणे तो सहसा खात नाही. त्याला गोगलगायी, फ्रोझन ब्लडवर्म असं खाणं लागतं. म्हणून वेगळा टँक रिकामा ठेवायची तयारी असेल, तरच हा प्रयोग करावा.

बीडच्या उन्हाळ्यात काय?

या माशाला साधारण २४ ते २८ अंश तापमानाचं पाणी मानवतं. बीडमध्ये मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी. त्यात वीज गेली की फिल्टरही बंद पडतो. अशा वेळी गर्दीचा टँक आधी कोलमडतो. त्यामुळे इथे सोबती जितके कमी, तितका धोका कमी. टँक उन्हापासून दूर ठेवावा आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ असावा.

आठवड्याला पाव टँक पाणी बदलायचं म्हटलं, तर ५० लिटरच्या टँकला एक बादली पुरते. काढलेलं पाणी झाडांना घालता येतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून त्यात आधी क्लोरीन काढणारं औषध टाकावं. मासे आणण्यापूर्वी फिल्टर चार-सहा आठवडे चालवून टँक तयार करावा लागतो.

जमलंच नाही तर?

पंख कुरतडलेले दिसले, एखादा मासा कोपऱ्यात दडून राहिला किंवा पी पफरचं पोट आत गेलं, तर त्यांना लगेच वेगळं करा. नको झालेला मासा दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या. बिंदुसरा, सिंदफणा किंवा गावच्या तलावात कोणताही टँकचा मासा सोडू नका. उजनी धरणात जाळ्यांमध्ये सापडणारा सकर फिश मूळचा दक्षिण अमेरिकेतला आहे. शोभेचा मासा बाहेरच्या पाण्यात गेला की काय होतं, हे तिथले मच्छीमार आज अनुभवत आहेत.