मद्रासची मोटार आणि घरातले मूल

घरासाठी मोटार घ्यावयाची ठरली की मनुष्याच्या मनात हौस आणि सोय यांचा कलह सुरू होतो. हौसेला रूप हवे असते, वेग हवा असतो, वळणावर गाडीने हाताचे ऐकावे असे वाटत असते. सोयीला दारे हवीत, ऐसपैस जागा हवी आणि दुरुस्तीचा खर्च पगाराच्या आत बसावयास हवा. त्यातून घरात पाळणा हलणार असला, तर या कलहात तिसरा एक पक्ष येऊन उभा राहतो. तो काहीच बोलत नाही; पण खरे पाहता त्याचाच अधिकार सर्वांत मोठा. आपल्या देशातील मोटारधंद्यात या मुक्या पक्षाची दाद कशी आणि किती उशिरा लागली, याचे उद्बोधक उदाहरण आपण ज्या शहरात नोकरीनिमित्त राहतो त्या चेन्नईत, म्हणजे १९९६ पूर्वीच्या मद्रासेत, सापडते.

आपणां मराठी माणसांस मोटारीचा कारखाना म्हटला की पिंपरी किंवा कुर्ला आठवतो, आणि ते स्वाभाविकही आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्याचा अभिमान आपल्या मागच्या पिढीला होता. परंतु मद्रासची या धंद्यातील परंपराही लहान नाही. १८४० साली स्थापन झालेली सिम्प्सन कंपनी येथे घोडागाड्या बांधीत असे. याच कंपनीतील सॅम्युएल जॉन ग्रीन यांनी १९०३ साली वाफेवर चालणारी मोटार तयार केली, अशी नोंद मद्रासच्या इतिहासकारांनी करून ठेवली आहे. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली अशोक मोटर्स ही कंपनी निघाली आणि शहराच्या उत्तरेस एण्णूर येथे ऑस्टिन ए-४० या मोटारीची जुळणी होऊ लागली. १९५५ साली कंपनीचे नाव अशोक लेलँड झाले आणि तिने आपले लक्ष मालमोटारी व बसगाड्या यांकडे वळविले.

कुटुंबाच्या मोटारीची मद्रासी कथा घडली ती मात्र शहराच्या दक्षिणेस, वंडलूर येथे. इंग्लंडातील कॉव्हेंट्रीची स्टँडर्ड मोटर कंपनी आणि मद्रासची युनियन कंपनी यांच्या सहकार्याने १९४८ साली स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. आरंभी तिने व्हॅनगार्ड ही दणकट गाडी काढली आणि पुढे स्टँडर्ड टेन ही लहान गाडी. १९५३ च्या सुमारास सरकारने असे धोरण ठरविले की, ज्यांना केवळ परदेशी सुटे भाग जोडावयाचे आहेत आणि येथे उत्पादन करावयाचे नाही, त्यांनी धंदा आवरावा. परिणामी प्रवासी मोटारींचे प्रमुख कारखाने तीनच उरले : कलकत्त्याजवळचे उत्तरपाडा, मुंबईचे कुर्ला आणि मद्रासचे वंडलूर. पुढची सुमारे तीस वर्षे भारतीय गृहस्थाची मोटारीची निवड या तिघांच्या पलीकडे फारशी जाऊ शकली नाही. मागणी पुष्कळ आणि उत्पादन थोडे. त्यामुळे आपण गाडी निवडण्याऐवजी गाडीनेच आपणांस निवडावे, अशी प्रतीक्षायादीवरील माणसाची स्थिती होती.

या तिघींचे स्वभाव वेगळे होते. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली अँबॅसडर म्हणजे घरातले वडीलधारे माणूस : जड, विश्वासू आणि सर्वांना पोटात घेणारे. फियाट म्हणजे नेटकी, हिशेबी सून. आणि १९६१ साली वंडलूरहून बाहेर पडलेली स्टँडर्ड हेरल्ड ही हौसेची गाडी. तिचे रूप तुरिन येथील जिओव्हानी मिकेलोत्ती या इटालियन रचनाकाराने रेखाटलेले. इंग्लंडात ती १९५९ मध्येच ट्रायम्फ हेरल्ड या नावाने आली होती. इंजिन अवघे ९४८ घनसेंटिमीटरचे; पण ती अवघ्या पंचवीस फुटांच्या वर्तुळात वळे, इतकी की मैलापूरच्या अरुंद गल्लीतही तिची अडचण होऊ नये. पुढचे संपूर्ण तोंड, चाकांवरील पत्र्यासह, पुढे उलटे उचलता येई आणि इंजिन चोहोबाजूंनी उघडे होई. स्वतः हाताने दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थाला ही मोठीच चैन वाटे.

मात्र हेरल्डला दारे दोनच होती. मागे बसावयाचे तर पुढची बैठक वाकवून, अंग चोरून आत शिरावे लागे. तरुण जोडप्याला यात काही वावगे वाटत नसेल; किंबहुना त्यातही एक मौज होती. परंतु आपल्याकडे मोटार ही जोडप्याची नसून घराची असते. नऊवारी नेसलेली मराठी आजी काय किंवा मडिसार नेसलेली तामिळ आजी काय, तिने कडेवरचे तान्हे सांभाळीत, लुगडे सावरीत, त्या फटीतून मागे कसे जावे? पुढे बसावे तर तेथे आजोबा. इटालियन रचनाकाराच्या डोळ्यांसमोर हे बिऱ्हाड नव्हते. येथील कारखानदाराला मात्र ते रोज दिसत होते.

याचा परिणाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. इंग्लंडमध्ये हेरल्डचे अनेक प्रकार निघाले : बंद, उघड्या छपराचा, सामानाचा. पण चार दारांची हेरल्ड कॉव्हेंट्रीने कधीच काढली नाही. ती काढली मद्रासने. साठीचे दशक संपण्यापूर्वी वंडलूरच्या कारखान्यातून चार दारांची हेरल्ड खास भारतीय बाजारासाठी बाहेर पडली. पुढे १९७२ साली तिच्याच आधारावर गझेल ही चारदारी मोटार आली. हेरल्डच्या मागील चाकांची स्वतंत्र हलणारी मांडणी येथील ग्राहकांना आणि मिस्त्र्यांना फारशी रुचली नव्हती. म्हणून गझेलला साधा, अखंड आस देण्यात आला. हौसेच्या गाडीला घराने अशा रीतीने हळूहळू आपल्या वळणावर आणले. पुढे स्टँडर्डचे प्रवासी मोटारींचे उत्पादन मंदावले. १९८५ साली काढलेली स्टँडर्ड २००० ही महागडी मोटार नव्या देहात जुने इंजिन घेऊन आली व लौकरच मागे पडली.

वाचकांच्या लक्षात आले असेल की या साऱ्या सुधारणेत दारे मोजली गेली, बैठक मोजली गेली, आस बदलला गेला; पण तान्हे मूल कोठे बसावे, हा प्रश्न कोणी विचारला नाही. त्याचे उत्तर जणू ठरलेलेच होते : आईच्या मांडीवर. थोडे मोठे झाले की पुढच्या दोन बैठकांच्या मध्ये उभे राहून रस्ता पाहावयाचा, हा त्याचा हक्क.

वस्तुतः याच काळात जगात अन्यत्र हा प्रश्न विचारला जात होता. १९५९ साली स्वीडनमध्ये व्होल्व्हो कंपनीचे नील्स बोहलिन यांनी खांदा व कंबर दोन्ही धरणारा तीनटोकी पट्टा सिद्ध केला. वंडलूरहून हेरल्ड बाहेर पडली त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, इंग्लंडात जीन एम्स आणि अमेरिकेत लेनर्ड रिव्किन यांनी मुलाच्या रक्षणासाठी खास आसने तयार केली. त्यानंतर स्वीडनचे बर्टिल आल्डमन यांनी अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी कसे पाठीवर रेलून बसतात हे पाहून मुलाचे तोंड गाडीच्या मागील बाजूस असावे, अशा आसनाची कल्पना मांडली. तान्ह्याचे डोके शरीराच्या मानाने फार मोठे व मान अतिशय कोवळी असते. तोंड मागे असले म्हणजे धक्का मानेवर न येता संपूर्ण पाठीवर वाटला जातो. अमेरिकेतील टेनेसी राज्याने १९७८ पासून मुलांसाठी असे आसन कायद्याने आवश्यक केले.

मांडीवर मूल का राहू शकत नाही, हे साध्या गणिताने कळते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर आतील प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या सुमारे चौदा पट जोराने पुढे फेकली जाते. आठ किलोचे मूल त्या क्षणी शंभर किलोंहून अधिक भाराचे होते. ते धरून ठेवणे कोणत्याही मातेच्या हातांत नाही. तिच्या मायेला कमतरता नसते. कमतरता मनुष्याच्या बाहुबळाला असते.

आपल्याकडे हा विचार उशिरा का आला, याची कारणे शोधावयास फार दूर जावे लागत नाही. गाड्या थोड्या, रस्ते अरुंद आणि वेग कमी. ज्याला गाडी मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते तो ग्राहक कारखानदाराला प्रश्न विचारीत नाही. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि ग्राहकाच्या निवडीला खरा अर्थ येऊ लागला. पुढे मद्रासला तिचे जुने वैभव नव्या रूपात परत मिळाले. १९९८ साली श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगाट्टुकोट्टै येथून ह्युंदाईची सँट्रो आली आणि १९९९ साली मरैमलैनगर येथून फोर्डची आयकॉन. योगायोग असा की या दोघींत तोच जुना कलह पुन्हा मूर्त झाला. सँट्रोचे छप्पर उंच. गुडघे दुखणाऱ्या माणसालाही न वाकता आत बसता येई. आयकॉनची ख्याती तिच्या जोमाची. एक सोय, दुसरी हौस. तरीही घरोघरीच्या खरेदीच्या चर्चेत मुलाच्या आसनाचा प्रश्न क्वचितच निघे.

तो निघाला या शतकाच्या दुसऱ्या दशकात. २०१४ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतीय बाजारातील काही लोकप्रिय लहान गाड्यांची आदळ-चाचणी केली, तेव्हा एअरबॅग नसलेल्या गाड्यांना शून्य तारे मिळाले आणि देशात खळबळ उडाली. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा योग्य आसनाने सुरक्षित न बसविल्यास एक हजार रुपये दंड ठेवला. २०२२ च्या आरंभापासून पुढील दोन्ही बैठकांपुढे एअरबॅग आवश्यक झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली. तीत प्रौढांच्या रक्षणाचे तारे निराळे आणि मुलांच्या रक्षणाचे तारे निराळे दिले जातात. मुक्या पक्षाची स्वतंत्र गणना झाली ती अशी.

आता आपल्यासारख्या बदलीच्या नोकरदारांचा प्रश्न. पूर्वी केंद्र सरकारकडून मोटारीसाठी अग्रिम मिळत असे. सातव्या वेतन आयोगानंतर २०१६ साली तो बंद झाला, म्हणजे आता बँकेचेच दार ठोठवावयाचे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेल्यावर बारा महिन्यांनी फेरनोंदणीचा व्याप होई. त्यावर २०२१ साली 'बीएच' ही नोंदणीमालिका निघाली आणि तीत कर एकदम न भरता दोन-दोन वर्षांच्या हप्त्याने भरण्याची सोय झाली. तेव्हा गाडी अशी घ्यावी की जिचे सुटे भाग चेन्नईत मिळतील आणि उद्या गुवाहाटीतही मिळतील. डिसेंबर २०१५ आणि डिसेंबर २०२३ चे पूर ज्यांनी येथे पाहिले, त्यांना जमिनीपासून गाडीच्या उंचीचे महत्त्व सांगावयास नको. येथील उन्हात वातानुकूलन ही चैन नव्हे. आणि बंद गाडीत मुलाला क्षणभरही एकटे ठेवू नये.

मुलासाठी पाहावयाच्या गोष्टी मोजक्या आहेत. मागील बैठकीत आसन अडकविण्याची आयसोफिक्स कडी आहे काय? तोंड मागे असलेले आसन बसविल्यावर पुढच्या माणसाचे गुडघे कोठे जातात? डिकीत बाबागाडी मावते काय? हे कागदावर न वाचता दुकानात आसन नेऊन प्रत्यक्ष बसवून पाहावे. आणि ते आसन चालू एअरबॅगसमोर, पुढच्या बैठकीवर, कधीही ठेवू नये. कारण मोठ्यांना वाचविणारी ती पिशवी तान्ह्याला घातक ठरते. हौसेने मात्र निराश होऊ नये. चपळ वळण, बांधीव स्टिअरिंग, मनासारखा रंग, यांतले काही मुलाच्या आसनाच्या आड येत नाही.

आमच्या घरी दोन महिन्यांत नवे माणूस येणार आहे आणि त्यासाठी मातोश्री गावाहून येथे आल्या आहेत. आसनाची किंमत ऐकून त्या म्हणाल्या, "अरे, तुम्ही चौघे भावंडं माझ्या मांडीवरच वाढलात ना?" त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि अशा लाखो मांड्यांवर या देशातील मुले सुखरूप वाढली, हेही खरे. परंतु हेरल्डचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. दोन दारांची चार दारे व्हावयास मद्रासला दहा वर्षेही लागली नाहीत, कारण आजीची अडचण सर्वांना रोज दिसत होती. मुलाला स्वतःची जागा मिळावयास मात्र अर्धे शतक गेले, कारण अडचण नित्य दिसते आणि धोका एकदाच दिसतो. त्या एका वेळी पाहून उपयोग नसतो.

म्हणून आम्ही गाडीचा रंग ठरविण्यापूर्वी आसनाचे पैसे बाजूला काढून ठेवले आहेत. मातोश्री मागल्या बैठकीवर त्या आसनाच्या शेजारी बसतील. मांडी मोकळी राहील आणि हात नातवंडाच्या हातात. एवढा समझोता त्यांनाही मान्य झाला आहे.