खांद्याच्या सांधेबदलाचा इतिहास आणि धाराशिव जिल्ह्यातील वृद्ध रुग्ण

प्रस्तावना
धाराशिव हा प्रामुख्याने कोरडवाहू शेतीचा जिल्हा. खुरपणी, कापणी, ओझी वाहणे ही कामे येथे उतारवयातही सुटत नाहीत. खांद्याचा सांधा झिजला की केस विंचरणे, डोक्यावर पदर घेणेही कठीण होते. औषधे व व्यायाम निष्फळ ठरल्यास सांधेबदलाचा विचार केला जातो. कोणता सांधा कोणास योग्य, हे समजण्यासाठी या शस्त्रक्रियेचा इतिहास उपयुक्त ठरतो.

विकासाचे टप्पे
१८९३ मध्ये पॅरिसचे शल्यविशारद पेआँ यांनी क्षयरोगाने खांदा निकामी झालेल्या रुग्णास प्लॅटिनम व रबराचा सांधा बसविला. जंतुसंसर्गामुळे तो सुमारे दोन वर्षांनी काढावा लागला. अमेरिकेतील चार्ल्स नीर यांनी १९५५ मध्ये दंडाच्या हाडाचा केवळ गोल बदलण्याचे अनुभव प्रसिद्ध केले. हा अर्धसांधेबदल मूलतः अस्थिभंगासाठी होता. संधिवातात मात्र धातूचा गोल खवाट्याची खोबणी झिजवीत राहतो व वेदना पुन्हा उद्भवू शकते. म्हणून १९७० च्या दशकात खोबणीलाही प्लॅस्टिकचे अस्तर देणारा पूर्ण सांधेबदल पुढे आला. वेदनाशमन व हालचाल या दोन्ही बाबतींत तो सरस ठरला. परंतु खांदा फिरविणारे स्नायुबंध शाबूत असणे ही त्याची अट होती. ते फाटलेले असल्यास गोल वर सरकतो आणि अस्तर सैल होते.

हा पेच फ्रान्समधील पॉल ग्रामों यांनी १९८५ मध्ये सोडविला. त्यांनी गोल खवाट्यावर व खोबणी दंडाच्या हाडावर बसविली. या उलट सांध्यात हात उचलण्याचा भार डेल्टॉइड स्नायू पेलतो. अमेरिकेत त्यास २००३ मध्ये मान्यता मिळाली. पुढे स्नायुबंध शाबूत असलेल्या वृद्धांतही त्याचा वापर वाढला. तथापि सांधा निखळणे, जंतुसंसर्ग व खवाट्याच्या हाडास तडा जाणे हे त्याचे धोके आहेत.

जिल्ह्याचा संदर्भ
जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२२ मध्ये सुरू झाले. शस्त्रक्रिया सोलापूर वा पुण्यात झाली, तरी नंतरचे अनेक महिन्यांचे व्यायाम गावाजवळच व्हावे लागतात. जड ओझे उचलण्यावर मर्यादा येते. ज्यांचे पोट मजुरीवर आहे, त्यांना ही मर्यादा शस्त्रक्रियेपूर्वीच समजावून सांगणे अगत्याचे आहे.

समारोप
प्रत्येक नवा पर्याय आधीच्या पर्यायाच्या मर्यादेतून जन्मला. म्हणून सर्वांत नवा तोच सर्वांस उत्तम, असे म्हणता येत नाही. स्नायुबंध, हाडाची स्थिती आणि रुग्णाचे दैनंदिन काम या तिन्हींचा विचार करूनच निवड होणे इष्ट होय.