कसा होता सिनेमा?

मंडळी, तालुक्याच्या गावी जाऊन कोणी सिनेमा पाहून आला, की दुसऱ्या दिवशी सकाळी पाणवठ्यावर, पारावर नाहीतर शाळेच्या ओट्यावर त्याला कोणीतरी गाठतेच. "काय, कसा होता सिनेमा?" तो म्हणतो, "बरा होता. पण शेवट काही पटला नाही बुवा." नाहीतर म्हणतो, "पैसे वसूल!" आणि कधी कधी नुसताच हात झटकतो. विचारणारा काय समजायचे ते समजतो, आणि दोघे आपापल्या कामाला लागतात.

या बोलण्याला आपण मत म्हणत नाही, गप्पा म्हणतो. मत म्हणजे वर्तमानपत्रात छापून येते ते, अशी आपली समजूत. पण इतिहास चाळून पाहिला तर वेगळेच दिसते. आपल्याकडचा सिनेमा या गप्पांनीच पुष्कळसा घडवला. आणि दुर्दैव असे, की नेमक्या याच गप्पा कोणी लिहून ठेवल्या नाहीत. आज मला तुमच्याशी त्याबद्दलच बोलायचे आहे.

आरंभापासून पाहू. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे पहिल्यांदा दाखवली गेली. तिकीट 1 रुपया. त्या चित्रांत गोष्ट अशी काही नव्हती. आगगाडी स्टेशनात येते, कारखान्यातून कामगार बाहेर पडतात, एक भिंत पाडली जाते, लोक समुद्रात डुंबतात, इतकेच. पण पाहून आलेला माणूस गप्प कसा बसेल? 14 जुलैला हेच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात सुरू झाले, आणि पुढे तिथे 4 आण्यांचीही जागा झाली. रुपयावाल्यांनी पाहिलेले नवल चार आणेवाल्यांपर्यंत पोचले ते असे.

आता त्र्यंबकेश्वरात 1870 साली जन्मलेल्या एका गृहस्थांकडे वळू. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब फाळके. चाळिशीच्या सुमारास त्यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरचा चित्रपट पाहिला. त्या वेळी मनात काय आले ते त्यांनी पुढे 'नवयुग' मासिकात लिहिले आहे. डोळ्यांसमोर ख्रिस्त होता, पण मनापुढे राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या दिसत होती. आपले देव असे पडद्यावर कधी दिसतील, हा एकच ध्यास त्यांना लागला. मग त्यांनी तोच खेळ पत्नी सरस्वतीबाईंना नेऊन दाखवला. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एकट्याने पाहून त्यांचे समाधान झाले नाही. घरी बोलण्यासाठी दोघांनी पाहिलेले असावे लागते. पुढे याच बाईंनी दागिने मोडू दिले, रात्री जागून फिल्मला भोके पाडली, रसायने कालवली आणि काम करणाऱ्या साऱ्या मंडळींना रांधून वाढले. म्हणजे बघा, भारतीय चित्रपटाच्या मुळाशी आहे तरी काय? नुकत्याच पाहिलेल्या एका सिनेमाबद्दल नवराबायकोचे झालेले बोलणे!

'राजा हरिश्चंद्र' तयार झाला. 21 एप्रिल 1913 रोजी निवडक प्रतिष्ठितांना आणि पत्रकारांना तो दाखवला गेला, आणि 3 मे रोजी गिरगावात कॉरोनेशन सिनेमात सर्वांसाठी खुला झाला. त्या काळी खेळ झटपट बदलत. हा 23 दिवस चालला. पण गावोगावचा प्रेक्षक वेगळा हिशेब मांडत होता. सुरतेची एक हकीकत सांगतात. तिथल्या लोकांना दोन आण्यांत सहासहा तास नाटक पाहायची सवय. दीड तासाच्या खेळाला तीन आणे का मोजायचे, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली, की 57 हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र अवघ्या तीन आण्यांत पाहा! लोकांचे म्हणणे काय, हे ज्याने ऐकले त्याचा खेळ चालला.

लोकांना काय वाटते हे सरकारलाही जाणून घ्यायचे होते. 1927 साली टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली एक चौकशी समिती नेमली गेली. तिने 4,325 प्रश्नपत्रिका पाठवल्या. लेखी उत्तरे आली 320. साक्षी घेतल्या 353. समितीचा अहवाल 1928 साली आला, आणि त्या साक्षी आजही वाचायला मिळतात. मोठे मोलाचे काम झाले, यात शंका नाही. पण साक्षी देणारे कोण होते? अधिकारी, वकील, संपादक, शिक्षणतज्ज्ञ, चित्रपटाचे व्यापारी. पिटात, जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्याला छापील प्रश्नपत्रिका कोण पाठवणार? आणि त्याला ती वाचून कोण दाखवणार?

या समितीला महात्मा गांधींनीही उत्तर पाठवले होते. त्यांनी आधी कबूल केले, की मी सिनेमाला कधी गेलेलो नाही, त्यामुळे तुमच्या प्रश्नांची उत्तरे द्यायला मी पात्र नाही. पण पुढे हेही लिहिले, की त्याने केलेले वाईट बाहेरून पाहणाऱ्यालाही दिसते; चांगले काही केले असेल तर ते सिद्ध व्हायचे आहे. पुढे 1944 साली जुहूला मुक्काम असताना त्यांनी 'रामराज्य' हा चित्रपट पाहिला. गांधीजींचे मत आपल्याला पटो वा न पटो, त्यांचा एक धडा घेण्यासारखा आहे. मी पाहिलेले नाही, हे त्यांनी पहिल्या ओळीत सांगून टाकले. आपल्यापैकी किती जण एवढे सांगतात? पाहिला नसला तरी, "अहो, त्यात काही दम नाही," असे ठोकून देणारे प्रत्येक गावात दोनचार निघतातच.

मग बोलपट आले. 1931 साली 'आलम आरा' आणि 1932 साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा'. 1936 साली प्रभातनेच दामले आणि फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाखाली 'संत तुकाराम' काढला. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो वर्षाहून अधिक काळ चालला, आणि 1937 साली इटलीत व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तुकोबांचे काम विष्णुपंत पागनीस यांनी केले होते. या चित्रपटासाठी एक अभंग शांताराम आठवले यांनी नव्याने रचला. तो इतका बेमालूम उतरला, की पुष्कळांना तो तुकोबांचाच वाटला, आणि गाथेत हा अभंग कुठे आहे म्हणून शोध सुरू झाला. व्हेनिसचा मान मोठा खरा. पण ज्यांच्या घरात गाथा होती त्या लोकांनी आठवल्यांची रचना गाथेतली समजावी, याहून मोठी पसंती ती कोणती?

असे चित्रपट खेडोपाडी पोचले ते तंबूतून. ज्यांनी जत्रेतला तंबू पाहिला आहे त्यांना सांगायला नको. यंत्र एकच, त्यामुळे रीळ संपले की दिवा लागायचा, आणि त्या दोन मिनिटांत तंबूभर चर्चा सुरू! पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. पुढचा खेळ भरायचा की नाही, हे पहिल्या खेळातून बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडावर ठरायचे. मालकाने कर्ण्यावरून कितीही ओरडावे. बाहेर उभा असलेला माणूस ऐकायचा ते आतून येणाऱ्याचे.

माझ्या आजीने 'संत तुकाराम' असाच एका जत्रेत तंबूत पाहिला होता. तिला अक्षरओळख नव्हती. विमान आले तेव्हा सारा तंबू हात जोडून उभा राहिला, असे गावातले म्हातारे सांगत. मी लहानपणी एकदा आजीला विचारले, "तू पण हात जोडलेस?" ती म्हणाली, "जोडले की. पन मी बघत हुते तिच्याकडं." कोणाकडे? तर तुकोबांच्या बायकोकडे, जिजाईकडे. "इमान गेलं वर. ती ऱ्हायली खाली, पोरं घिऊन. घरात दाना न्हाई. तिनं इठोबाला चप्पल दावली त्ये वाईटच. पन कुनीतरी इचारायला पायजे का नको?"

एवढे बोलून ती चुलीकडे वळली. मी खेळायला पळालो. पुढे चित्रपटावर जाणकारांनी लिहिलेले पुष्कळ वाचले, तेव्हा त्यांनीही जिजाईच्या त्या खरेपणाचे कौतुक केलेले आढळले. त्यांनी ते शंभर पानांत मांडले होते. आजीने चार वाक्यांत सांगितले होते. तेव्हा मी आणखी दोन प्रश्न विचारायला हवे होते. विचारले नाहीत. आजी गेली, आणि तिच्याबरोबर बाकीचे गेले. ही चुटपुट मला आजही लागून आहे.

अशा बोलण्यातून गावाचे मनही कळते. 1937 सालचा 'कुंकू' घ्या. व्ही. शांताराम यांचा हा चित्रपट ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर आधारलेला. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेली मुलगी ते लग्न मानायलाच नकार देते. जरठकुमारी विवाहावर देवलांचे 'शारदा' नाटक 1899 सालीच येऊन गेले होते; पण इथे नायिका स्वतः उभी राहून 'नाही' म्हणत होती. हा चित्रपट पाहून घरी परतल्यावर सासू काय म्हणाली, सून काय म्हणाली, की गप्प राहिली? आपल्या समाजाच्या इतिहासाला हे हवे आहे. कुठल्या दप्तरात ते सापडेल?

आणि 1959 सालचा अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' घ्या. पुण्याच्या विजयानंद थिएटरात तो 131 आठवडे चालला. म्हणजे अडीच वर्षे! जाहिरात पहिल्या आठवड्याला माणसे आणील. एकशे तिसाव्या आठवड्याला माणूस येतो तो शेजाऱ्याने सांगितले म्हणून. आठवड्यांचा आकडा आपल्यापाशी आहे. शेजाऱ्याने काय सांगितले, ते नाही.

कोणी म्हणेल, "जाऊ द्या हो, मूळ चित्रपट तर आहेत ना?" तेही नाहीत, हे दुःख आहे. आपल्या देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले असावेत. त्यांतले आज पूर्ण किंवा तुकड्यातुकड्यांनी उरलेले तिसाच्या आत भरतात. जुनी फिल्म चटकन पेट घेणारी. काही जळाली, काही कुजली, काही तिच्यातल्या चांदीसाठी विकली गेली. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते 1964 साली. तोवर फार उशीर झाला होता. ज्या चित्रपटाचे एकही रीळ उरले नाही, तो आता फक्त पाहणाऱ्यांच्या आठवणीत असू शकला असता. ते पाहणारेही गेले. बोलपटांचे पहिले प्रेक्षक गेले. आता तंबूत बसलेली पिढी तेवढी आपल्यात आहे, आणि तीही रोज एकेकाने कमी होते आहे.

मग करायचे काय? उपाय आपल्याच प्रांतात एकदा करून झाला आहे. 1956 साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुण्याच्या आसपासच्या पाच जिल्ह्यांतील 150 गावांत ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. गावकऱ्यांनी एकत्र बसून रेडिओवरचा कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर बोलायचे, आणि पटले ते करायचे. गावातले कोणीतरी त्या चर्चेचे टिपण ठेवी. शेतकऱ्याचे सहज बोललेले वाक्य कागदावर उतरवण्यासारखे असते, हे तेव्हा ओळखले गेले.

गुरुजी आणि बाई, तुमच्याकडे माझे एक मागणे आहे. शाळेत एक वही घाला. मुलांना सांगा, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा: तुम्ही पाहिलेला पहिला सिनेमा कोणता? कुठे पाहिलात? कोणाबरोबर गेला होता? तिकिटाला किती पैसे पडले? आणि घरी आल्यावर काय म्हणालात? "आवडला का?" असे विचारू नका, उत्तर "हो" एवढेच येईल. "कोणाकडे बघत होता?" असे विचारा. आणि उत्तर येईल ते त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या. शुद्ध करायला जाऊ नका. माझ्या आजीचे वाक्य शुद्ध केले असते, तर त्यातली आजी गेली असती.

आणि तुम्ही, वाचकहो, गुरुजींची वाट पाहू नका. आज जेवण झाल्यावर घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, पहिल्या सिनेमाची गोष्ट काढा, आणि बोलणे थांबेपर्यंत उठू नका.