भोंगा, विजेचा दिवा आणि कामगाराची झोप

सप्टेंबर 2025मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे 48 तास कायम राहतील, जादा कामाचा मोबदला मिळेल आणि त्यासाठी कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, असे सांगण्यात आले. नंतर चर्चा झाली ती गुंतवणुकीची, रोजगाराची आणि ओव्हरटाइमच्या पैशांची. 12 तास काम करून घरी परतणारा माणूस झोपणार किती, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही. मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासात हाच प्रश्न पुन:पुन्हा डोके वर काढतो, म्हणून तो इतिहास जरा उलगडून पाहू.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीसाठी कंपनी उभी केली आणि दोनेक वर्षांत ताडदेवला चरखे फिरू लागले. पुढची जवळपास चार दशके गिरणीचे घड्याळ म्हणजे सूर्य. उजाडले की काम सुरू, अंधारले की बंद. मुंबईत हिवाळ्याचा दिवस 11 तासांचा असतो, तर उन्हाळ्याचा 13 तासांच्या पुढे जातो. म्हणजे उन्हाळ्यात कामही जास्त आणि पत्र्याखालच्या खोलीत उकाड्याने झोपही कमी. मजुरांच्या घरी घड्याळ नव्हते. उशीर झाला तर दंड किंवा खाडा, या धास्तीने माणसे मध्यरात्रीनंतर केव्हाही उठत, गिरणीच्या दारापर्यंत चालत येत आणि दार उघडेपर्यंत तिथेच फाटकाशी आडवी होत. झोपमोडीची ही तऱ्हा कुठल्या वेतनपत्रकात नोंदलेली सापडणार नाही.

1881चा पहिला कारखाना कायदा आला तो फक्त मुलांपुरता. सात वर्षांखालील मुलांना मनाई आणि 7 ते 12 वयाच्या मुलांना 9 तास! प्रौढांबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुट्टी या मागणीसाठी आपण लोखंड्यांना ओळखतो, शाळेच्या पुस्तकातही तेवढेच येते. पण त्याच अर्जात दुपारी अर्धा तास विश्रांती आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, अशीही मागणी होती. मला ती जास्त महत्त्वाची वाटते. कारण तिने रात्र कामगाराची आहे, असे पहिल्यांदा कागदावर मांडले. रविवारची सुट्टी 1890मध्ये मिळाली. सूर्यास्ताची मागणी तशीच राहिली.

आणि मग विजेचे दिवे आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत दिवे लागले आणि 1905च्या तेजीत कामाचे तास 14, काही ठिकाणी त्याहून वर गेले. साधा हिशेब करून पाहा. 14 तास काम, अर्धा तास सुट्टी, जाण्या-येण्याचा तासभर. उरले साडेआठ तास. त्यात नळावरची रांग, अंघोळ, स्वयंपाक, जेवण. झोपेच्या वाट्याला पाच तास आले तरी पुष्कळ.

मालकांचे उत्तर मोठे गमतीचे होते. हिंदी मजूर सलग काम करतच नाही, तो अधूनमधून बाहेर जातो, विडी ओढतो, आवारात दाढी-अंघोळ करतो, डुलकी काढतो. तेव्हा तास जास्त असले तरी बिघडत नाही, असे ते चौकशी समित्यांपुढे सांगत. दिवसाचे 14 तास कारखान्यात काढणारा माणूस दाढी दुसरीकडे कुठे करणार? 1907-08च्या आयोगातल्या बहुमतानेही प्रौढ पुरुषांच्या तासांवर थेट बंधन नको, असाच कौल दिला. वेगळे मत नोंदवले ते मद्रासचे डॉक्टर टी. एम. नायर यांनी. हेच नायर पुढे जस्टिस पक्षाच्या संस्थापकांत होते. थेट मर्यादा हवी, हा त्यांचा आग्रह अखेर 1911च्या कायद्यात उतरला आणि कापड गिरण्यांतल्या पुरुषांना 12 तासांची मर्यादा मिळाली. पुढे 1922 साली 11, 1934 साली 10, 1946 साली 9. प्रत्येक तासामागे संप आहेत. आज आपण जो 9चा आकडा पुसायला निघालो आहोत, तो असा पासष्ट वर्षांत मिळालेला आहे.

बायकांच्या झोपेचा हिशेब तर कुणीच ठेवला नाही. त्या पहाटे सर्वांच्या आधी उठत आणि रात्री सर्वांच्या नंतर पाठ टेकत. तान्ही बाळे दिवसभर गप्प राहावीत म्हणून त्यांना अफूची ‘बाळगोळी’ दिली जाई. 1920च्या दशकात डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा ही गोळी घरोघरी चालत असल्याचे पुढे आले. आईला झोप नाही आणि बाळाला अफूची झोप!

या इतिहासाला आपल्या मोहल्ल्यांचा एक धागा आहे. गिरण्यांच्या माग खात्यात उत्तरेतून आलेले मोमीन-अन्सारी विणकर मोठ्या संख्येने होते, मदनपुरा ही त्यांची वस्ती. त्यांचेच भाईबंद 1857नंतर मालेगाव आणि भिवंडीत स्थिरावले. हातमागावरचा विणकर कमी राबत होता असे नाही. घरातली बायका-मुलेही त्याच्याबरोबर राबत. पण जोहरनंतर मागाच्या बाजूलाच घटकाभर पडायचे की नाही, हे तो स्वतः ठरवत असे. यंत्रमाग आले आणि ती मुभा गेली.

आज या दोन्ही शहरांत 12-12 तासांच्या दोन पाळ्या सर्रास चालतात. मजुरी मीटरवर, त्यामुळे ओव्हरटाइम हा शब्दच तिथे नाही. एकाच छपराखालचे माग वेगवेगळ्या नावांवर दाखवून कामगारसंख्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्याची युक्तीही जुनी आहे. रातपाळीचा माणूस सकाळी घरी येतो तेव्हा शेजारच्या गाळ्यात माग खडखडत असतात आणि एका खोलीत मुले शाळेची तयारी करत असतात. आपल्याकडे अशा माणसाला ‘दिवसा झोपणारा’ म्हणून हिणवणारे लोकही आहेत.

शरीर या पाळ्यांना सरावत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 साली रातपाळीला संभाव्य कर्ककारकांच्या यादीत टाकले. आठवड्याला 55 किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी जास्त असतो, असे याच संघटनेने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेबरोबर 2021 साली जाहीर केले. ही तुलना आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांशी आहे. मालेगावच्या यंत्रमागावर सहा दिवसांचे 72 तास होतात.

‘लेखी संमती’बद्दल एवढेच म्हणेन की, ज्याच्या हातात रोजी आहे त्याला नाही म्हणणे किती अवघड असते, हे 1884च्या अर्जावर सह्या करणाऱ्यांना चांगले ठाऊक होते. संमतीपेक्षा विश्रांतीचा आकडा कायद्यात हवा. युरोपीय संघाच्या नियमात प्रत्येक 24 तासांत सलग 11 तास विश्रांती देणे बंधनकारक आहे. कामगार संघटनांनी आणि आपल्या आमदारांनी सरकारकडे हा 11चा आकडा मागावा, आणि तो यंत्रमागाच्या गाळ्यांनाही लागू करावा, असेही त्यात लिहून घ्यावे.