मानधन आणि मदिप्पूदियम् : लोकसेवेच्या मोबदल्याचा एक इतिहास

तंजावर व कुंभकोणम् यांच्या दरम्यान वसलेले पापनाशम् हे एके काळी तंजावरच्या मराठी राज्यातील गाव होते. आज तेथे नगरपंचायत आहे. तमिळनाडू शासनाने २०२३ मध्ये नागरी स्थानिक संस्थांच्या निर्वाचित प्रतिनिधींना मासिक मानधन लागू केले. नगरपंचायतीच्या सदस्यास २,५०० आणि अध्यक्षास १०,००० रुपये असा दर ठरला. या रकमेस तमिळमध्ये ‘मदिप्पूदियम्’ म्हणतात. ‘मदिप्पु’ म्हणजे मान आणि ‘ऊदियम्’ म्हणजे वेतन. मराठीतील ‘मानधन’ या शब्दाची घडणही अशीच आहे. दोन्ही भाषांनी धनाच्या आधी मान ठेवला, यात एक संकोच दडलेला आहे. सेवेचा मोबदला द्यावा, पण त्यास मोबदला म्हणू नये, असा तो संकोच होय. ‘तिरुक्कुरळ’मध्ये ‘ऊदियम्’ हा शब्द लाभ या अर्थाने येतो आणि दानातून मिळणारी कीर्ती हाच जीवाचा खरा लाभ मानला जातो, ही बाब येथे लक्षणीय आहे.

लोकसेवा पूर्वी विनामूल्य होती, हा समज मात्र तपासून पाहावा लागतो. चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातील उत्तरमेरूरच्या शिलालेखांत (इ.स. ९१९ व ९२१) ग्रामसभेच्या समित्यांवर चिठ्ठ्या टाकून सदस्य निवडण्याचे नियम आहेत. करपात्र जमीन किमान पाव वेली असावी, घर स्वतःच्या जागेवर असावे आणि वेदाध्ययन झालेले असावे, अशा अटी तेथे आढळतात. सोडतीची पद्धत अथेन्समध्येही होती. परंतु इ.स.पू. पाचव्या शतकात पेरिक्लीसने तेथील न्यायमंडळाच्या सदस्यांना दैनिक भत्ता सुरू केला व गरीब नागरिकास त्या आसनावर बसणे शक्य झाले. उत्तरमेरूरची सोडत मात्र ज्यांच्या पोटाची सोय शेताने आधीच केली होती त्यांच्यापुरतीच होती.

मराठी अमलातही अधिकार आणि उत्पन्न यांची फारकत नव्हती. महाराष्ट्रात पाटील-कुलकर्ण्यांना वतन होते, तर तंजावर प्रांतात गावाच्या कारभारावर मिरासदारांचे वर्चस्व होते. तमिळमधील ‘काणियाट्चि’ या जुन्या हक्कास ‘मिरास’ हे नाव रूढ झाले. शब्द बदलला तरी सत्तेचा जमिनीशी असलेला संबंध तसाच राहिला. पापनाशम्-जवळील तिरुप्पालैत्तुरै येथील देवळात नायककाळातील विटांचे प्रचंड धान्यकोठार आजही उभे आहे. ज्या समाजात मान, सेवा आणि मोबदला यांचा हिशेब धान्यात व जमिनीत होत असे, त्याची ती खूण आहे.

वतनाचा अनुभव हाच मानधनाच्या विरोधकांचा सर्वांत भक्कम आधार ठरतो. पदास उत्पन्न जोडले की पद मालमत्ता बनते, असे ते म्हणतात. हा आक्षेप पोकळ नाही. तथापि वतनाचा दोष मोबदल्यात नव्हता, वंशपरंपरेत होता. महाराष्ट्रात कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने, तर तमिळनाडूत ग्रामाधिकाऱ्यांची वंशपरंपरागत पदे पुढे संपुष्टात आली. त्यांच्या जागी पगारी तलाठी आणि ग्राम प्रशासकीय अधिकारी आले. राज्याच्या नोकराने पगार घ्यावा आणि लोकांच्या प्रतिनिधीने घेऊ नये, ही विसंगती त्यामुळे अधिकच उघडी पडली.

इंग्लंडमधील चार्टिस्टांनी १८३८ मध्ये संसद-सदस्यांना वेतन देण्याची मागणी केली; ती १९११ मध्ये मान्य झाली. भारतात ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) स्त्रिया, अनुसूचित जाती व जमाती यांच्यासाठी जागा राखून ठेवल्या. परंतु सभेच्या दिवशी जिची मजुरी बुडते, तिच्यासाठी राखीव जागा हे अर्धेच आमंत्रण होय. विनावेतन सेवा ही उत्तरमेरूरच्या पाव वेलीचीच न लिहिलेली अट ठरते. महाराष्ट्राने २०२४ मध्ये सरपंचांचे मानधन लोकसंख्येनुसार ६,००० ते १०,००० रुपयांपर्यंत वाढविले, त्याचा अर्थ या दृष्टीने लावावा लागतो.

उत्तरमेरूरचा आणखी एक नियम मात्र आजही स्वीकारण्याजोगा आहे. समितीवर राहून ज्याने हिशेब दिला नाही, तो स्वतः आणि त्याचे निकटचे नातलगही पुढील निवडीस अपात्र ठरत. मोबदला नाकारल्याने सचोटी येत नाही. ती मुदतीच्या आणि हिशेबाच्या बंधनाने राखली जाते. ‘मानधन’ या समासातील दोन्ही पदांचा अर्थ तेव्हाच पुरा होतो : धन निर्वाहासाठी, आणि मान हिशेब चोख दिल्याबद्दल.