उत्तराचंच टेबल होतं तेव्हा

डेटाबेसवर काम करणारे रोज एक आज्ञा लिहितात: ‘क्रिएट टेबल अ‍ॅज सिलेक्ट’. म्हणजे माहितीला प्रश्न विचारायचा आणि येणाऱ्या उत्तराचंच नवं टेबल बनवायचं. आज मी या एका ओळीचा इतिहास सांगणार आहे.

1970 पूर्वीचा काळ डोळ्यांसमोर आणा. आयबीएमच्या आयएमएससारख्या प्रणालीत माहिती झाडाच्या फांद्यांसारखी रचलेली असे. हवी ती नोंद गाठायची तर कुठल्या फांदीवरून जायचं, हे प्रोग्रामरनेच लिहायचं. हाती काय येई? बहुधा छापील अहवाल. त्या अहवालाला पुढचा प्रश्न विचारायची सोय नव्हती.

जून 1970 मध्ये आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेतल्या एडगर कॉड यांनी संचांच्या गणितावर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला. दोन पूर्णांकांची बेरीज पूर्णांकच असते ना? तसंच टेबलांवर क्रिया केली की उत्तरही टेबलच. माझ्या मते सगळी किल्ली इथेच आहे. उत्तर टेबल असेल, तर ते साठवता येतं आणि त्याला पुन्हा प्रश्न विचारता येतो.

मग दोन चुली पेटल्या. बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी इन्ग्रेस उभारलं. त्याच्या क्वेल भाषेत ‘रिट्रीव्ह इंटू’ म्हटलं की उत्तर नव्या टेबलात जाई. इकडे आयबीएममध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी 1974 मध्ये सीक्वेल मांडली. तीच आपली एसक्यूएल. अमेरिकेत तिचं प्रमाणीकरण 1986 मध्ये झालं, पण ‘क्रिएट टेबल अ‍ॅज’ प्रमाणात आलं ते 2003 मध्ये. तोवर प्रत्येक कंपनीची आपापली बोली. ओरॅकलमध्ये हीच आज्ञा, तर सायबेसच्या घराण्यात ‘सिलेक्ट इंटू’. हा फरक आजही टिकून आहे.

आता यात धोका कुठे आहे, ते पाहू. ‘व्ह्यू’ म्हणजे खिडकी. उघडाल तेव्हा आतलं ताजं दिसतं. आपलं नवं टेबल म्हणजे फोटो. समजा, शिष्यवृत्तीला पात्र मुलांचं टेबल सोमवारी बनवलं आणि मंगळवारी एका मुलीचा अर्ज मंजूर झाला. मूळ टेबलात ती आहे, फोटोत नाही. पैसे फोटो पाहून वाटले, तर ती राहिलीच! शिवाय प्रायमरी की आणि इंडेक्स सहसा नव्या टेबलात येत नाहीत, त्यामुळे पुढे एकच नाव दोनदा शिरलं तरी अडवणारं कुणी नसतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच: असं टेबल जरूर बनवा, पण त्याच्या नावात तारीख घाला आणि की स्वतः जोडा. कॉड यांनी उत्तराला टेबलाचा दर्जा दिला. ते ताजं ठेवणं मात्र आपल्याच हाती आहे. भेटू पुढच्या भागात.