लूथरन विश्वासांगीकाराचा वाद

लूथरन मंडळीला लूथरन कशामुळे म्हणायचे, या प्रश्नावर सोळाव्या शतकापासून चालत आलेला आणि भारतातील मंडळ्यांनाही सोडवावा लागलेला वाद. त्याच्या मुळाशी ऑग्सबर्गचा विश्वासांगीकार आहे. मुख्यतः फिलिप मेलांख्थॉनने लिहिलेली ही २८ कलमे २५ जून १५३० रोजी सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर मांडली गेली. १५८० मध्ये ती लूथरच्या प्रश्नोत्तरींसह ‘काँकॉर्ड’ ग्रंथात आली. हा ग्रंथ पवित्र शास्त्राशी जुळतो म्हणून पाळकाला पूर्णपणे बांधून ठेवतो, की जिथे जुळतो तेवढाच बांधतो? दोन्ही मतांचे लोक स्वतःला लूथरनच म्हणवतात, म्हणून वाद मिटत नाही.

सर्वांत तीव्र मतभेद प्रभुभोजनावर झाला. भाकर व द्राक्षारसात ख्रिस्ताचे शरीर व रक्त खरोखर असते, हे लूथरनांचे म्हणणे. रिफॉर्म्ड परंपरेला ते तसे मान्य नाही. १८१७ मध्ये प्रशियाच्या राजाने दोन्ही परंपरा एका चर्चमध्ये आणल्या; पुढच्या काळात विवेकाला न पटल्याने अनेक लूथरन घराणी देश सोडून गेली.

भारतात हा वाद मिशनांबरोबर आला. दोन्ही परंपरांना सामावून घेणारे बासेल मिशन १८३४ मध्ये मंगळूरला पोहोचले. तमिळ प्रदेशातले लाइपझिग मिशन मात्र काटेकोरपणे लूथरन होते. तेही काहींना पुरेसे वाटले नाही. शास्त्र संपूर्ण निर्दोष आहे की नाही, यावरून दोन मिशनरी लाइपझिगमधून बाहेर पडले आणि १८९५ पासून अमेरिकेच्या मिसूरी सिनॉडचे काम कृष्णगिरी भागात सुरू झाले. छोटानागपूरच्या गोस्नर मिशनमध्ये १८६९ साली फूट पडली व एक गट अँग्लिकनांकडे गेला. तिथे कारण तत्त्वापेक्षा जुन्या-नव्या मिशनऱ्यांमधला बेबनाव हेच अधिक होते. अशा फुटींत गावकरी विश्वासणाऱ्यांचे मत क्वचितच विचारले गेले, हे या इतिहासातले मोठे उणेपण मानायला हवे.

२७ सप्टेंबर १९४७ रोजी दक्षिण भारतीय चर्च स्थापन झाले, तेव्हा निर्णय भारतीयांच्या हाती आला. लूथरन मंडळ्या बाहेर राहिल्या, पण बोलणी सोडली नाहीत. अडचण बिशपपदाची होती. ऑग्सबर्गच्या सातव्या कलमानुसार सुवार्तेचा शुद्ध उपदेश आणि संस्कारांचे योग्य पालन एवढे चर्चच्या ऐक्यास पुरे; मग बिशपांची परंपरा ऐक्याची अट कशी करायची? पुढच्या दशकात संयुक्त आयोगाने नियमशास्त्र, सुवार्ता व प्रभुभोजन यांवर बरेच एकमत घडवले. तरीही विलीनीकरण झाले नाही. तत्त्वांवर इतके जमल्यावरही दूर राहण्याला मिशनांशी असलेली नाती आणि मालमत्तेचे प्रश्न कारणीभूत असावेत, असे वाटते. १९७५ पासून बहुतेक लूथरन मंडळ्या आपापली स्वायत्तता राखून एका संघात आहेत.

महाराष्ट्रात लूथरन परंपरा मुंबईसारख्या शहरांतील परप्रांतीय मंडळ्यांपलीकडे फारशी रुजली नाही. मिशनांनी प्रदेश वाटून घेतले होते, त्यामुळे माणसाचा पंथ पुष्कळदा त्याच्या तालुक्यावरून ठरला. पाचोरा, भुसावळ, चाळीसगाव या पट्ट्यात अलायन्स मिशन होते. पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आले. त्याचा संस्थापक फ्रेड्रिक फ्रान्सन स्वीडनचा, म्हणजे लूथरन राजधर्माच्या देशात जन्मलेला, पण १८९० मध्ये शिकागोत उभे राहिलेले त्याचे काम पुनरुज्जीवनवादी होते. ऑग्सबर्गची कलमे त्याने खानदेशात आणली नाहीत. मराठी मातीतून तर अगदी उलट विचार निघाला: ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हा समुदाय उभा केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या शिष्यांनाही जागा होती.

पंथांच्या सीमा प्रत्यक्षात टोचतात त्या बाप्तिस्म्याच्या वेळी. लूथरन घरात बाळाचा बाप्तिस्मा होतो. अलायन्स परंपरेत समज आल्यावर, स्वतः विश्वास सांगून, पाण्यात बुडून तो घ्यायचा असतो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चने दोन्ही पद्धती मान्य केल्या. त्या ऐक्यात लूथरन मंडळ्या नव्हत्या. त्यामुळे रांची किंवा गुंटूरहून नोकरीसाठी भुसावळला आलेल्या लूथरन कुटुंबाने स्थानिक अलायन्स मंडळीत सभासदत्व मागितले, तर लहानपणीचा बाप्तिस्मा पुरेसा धरायचा की नाही, हे ठरवणारा दोन्ही बाजूंना बांधील असा नियम या ऐक्यातून मिळत नाही.